रंग नव्हे, धूर पाहा!

वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून जुनी मोटार घ्यायचे ठरले. आम्ही गेलो तेव्हा विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले होते. सोबतचे मेस्त्रीकाका हळूच म्हणाले, "उद्या सकाळी येऊ. खरे काय ते थंड इंजिनच सांगते."

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करताच निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर थांबेनाच, तर कूलंट आत झिरपते आहे. चासी नंबर आर. सी. बुकाशी जुळला, पण बुकात कर्जाचा बोजा होता. बँकेचा ना-हरकत दाखला व ३५ नंबरचा फॉर्म यांवाचून तो उतरत नाही. नावबदलाचे २९ व ३० नंबरचे फॉर्म त्यानंतरचे.

आम्ही हात हलवीत परतलो. वडील एवढेच म्हणाले, "गाडी गेली, पैसे राहिले." मित्रहो, रंगाला भुलू नका!