माल चीनमध्ये, दुकान इथे, आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद!

पहिल्यांदा ग्वांगझूच्या कँटन फेअरला गेलो, तेव्हा स्वस्त पडतं म्हणून तिथलंच सिम घेतलं. नेट सुसाट, पण व्हॉट्सअ‍ॅप बंद, गूगलही बंद! हॉटेलच्या वायफायवरही तेच. चीनमध्ये तिथल्या नेटवर्कवर ही अ‍ॅप्स अडवलेली असतात. दुकानात भाऊ सॅम्पलच्या फोटोंची वाट बघतोय, इकडे सप्लायर थांबायला तयार नाही. शेवटी अंदाजाने माल उचलला. दिवाळी गेली तरी तो रॅकवरच होता.

त्यातून शिकलो ते सांगतो.

१. भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग पॅक निघण्याआधीच सुरू करा. रोमिंगचा डेटा सहसा आपल्या भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप चालतं.

२. पॅक महाग वाटतो? ट्रॅव्हल ई-सिम बघा. फोनवर *#०६# दाबा. ईआयडी नंबर दिसला तर फोन बहुधा ई-सिम घेतो. पैसे भरण्याआधी एकच विचारा: चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालेल का? आणि ते घरी बसूनच फोनमध्ये टाकून घ्या.

३. भारतीय सिम काढून ठेवू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पॅक नसेल तर त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा, नाहीतर बिल फुगतं.

पॅकचे पैसे मालाच्या खर्चातच धरा. मी सिमवर वाचवलेले पैसे त्या रॅकने केव्हाच खाल्ले!