अंगावर मांस नाही, तरी शुगर कशी? डॉ. याज्ञिकांच्या संशोधनातून मिळालेले उत्तर

भीमजयंतीच्या निमित्ताने माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या विहारात किंवा समाजमंदिरात आरोग्य शिबिर भरले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, यंत्रावर अडीचशेचा आकडा येतो आणि समोरचा माणूस म्हणतो, "शुगर बसून खाणाऱ्याला होते. मी जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबलो, अंगावर मांस नाही. मला कशी होईल?" घरचे म्हणतात, यंत्र चुकले असेल. गोळ्या महिनाभर चालतात, मग सुटतात. काही वर्षांनी पायाची जखम भरत नाही म्हणून अकलूज किंवा सोलापूरचा दवाखाना गाठावा लागतो.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. याच प्रश्नावर पुण्यातील एका डॉक्टरांनी चाळीस वर्षे काम केले आहे. त्यांचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचे संशोधन आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण ते थेट आपल्या वस्तीबद्दल बोलते.

ऑक्सफर्डमध्ये संशोधनाचे प्रशिक्षण घेऊन आल्यावर डॉ. याज्ञिकांनी १९८० च्या दशकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात मधुमेहाचे काम सुरू केले. तेव्हाची पाठ्यपुस्तके सांगत होती की मोठ्या वयातला मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसाचा आजार. पण त्यांच्याकडे येणारे अनेक रुग्ण लठ्ठ नव्हते. वजन बेताचे, हातपाय बारीक, फक्त पोटाचा घेर वाढलेला. वयही युरोपातल्या रुग्णांपेक्षा कमी.

त्याच काळात इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासत होते. जन्मताना वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयरोग आणि मधुमेह जास्त होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे आजाराची सुरुवात आईच्या पोटातच होते. याज्ञिकांनी के.ई.एम.मध्ये जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांना ग्लुकोज देऊन रक्त तपासले. जन्मवजन जितके कमी, तितकी साखर आणि इन्शुलिन जास्त, असे चित्र चौथ्या वर्षीच दिसले.

मग १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. सुमारे ८०० गरोदर बायांची नोंद झाली. त्या काय खातात, किती राबतात, बाळ किती वजनाचे होते, हे सगळे मोजले गेले. गरोदरपणाआधी या बायांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडाने, स्नायूने, पोटातल्या अवयवांनी लहान होती. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्लंडच्या बाळांइतकीच होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचे, असे हे बाळ.

मोठेपणी काय होते, हे दाखवणारा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बी.एम.आय. दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून दुप्पट फरक. "अंगावर मांस नाही, मला कशी?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. अंगावर मांस म्हणजे स्नायू कमी असणे, हेच साखर वाढण्याचे एक कारण असते, कारण रक्तातली बरीचशी साखर स्नायू वापरतात.

उरलेले अर्धे उत्तर आईच्या ताटात आणि तिच्या कष्टात आहे. सहा गावांच्या त्या अभ्यासात ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. ज्या बाया गरोदरपणातही शेतात आणि पाण्याच्या हंड्यांखाली जास्त राबत होत्या, त्यांची बाळे लहान होती. साठ टक्क्यांहून अधिक बायांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिनचा परिणाम सर्वात कमी होत होता. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१५ मध्ये पुण्यातील संशोधकांच्या गटाने, ज्यात याज्ञिकही होते, आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले. त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारे बदल आले. नंतर दोन पिढ्यांना पोटभर खायला दिले, तरी ते बदल पुसले गेले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर अन्न आणि पाणवठ्याचे पाणी नाकारले गेले, त्याने हा निष्कर्ष आपल्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा. हा अर्थ संशोधकांनी काढलेला नाही, मी काढतो आहे.

पण याला कोणी नशीब किंवा पूर्वजन्मीचे फळ म्हणू नये. कारण असते म्हणून परिणाम होतो आणि कारण दूर केले की परिणाम थांबवता येतो, हीच तथागतांची शिकवण आहे. याज्ञिकांचा पुढचा प्रयोगही त्याच दिशेने गेला. त्या सहा गावांतली मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिले गेले. उद्देश हा की पुढची पिढी पोटात येण्याआधीच आई-वडिलांचे शरीर सुधारावे.

आता औषधाबद्दल. हा आजार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, इन्शुलिन घ्यावे लागत होते. धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ६५ व्या वर्षी ते गेले. आज जी गोळी बहुतेक रुग्णांना प्रथम मिळते, त्या मेटफॉर्मिनचा मधुमेही रुग्णांवरचा पहिला अहवाल फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर एका वर्षाने. जी गोळी त्यांना मिळू शकली नाही, ती आज सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि आपण ती महिनाभरात सोडून देतो.

एक मात्र लक्षात ठेवावे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. त्याने पायाला मुंग्या, बधिरपणा येतो आणि तो साखरेमुळे आला असेच वाटते. म्हणून गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगून बी-१२ तपासून घ्यावे. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही.

इथेच प्रश्न राजकीय होतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला. एका अंड्याचा हा वाद आवडीनिवडीचा नाही. उद्या आई होणाऱ्या मुलीच्या रक्ताशी त्याचा संबंध आहे.

देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासाने सांगितले आहे. आपल्या तालुक्यातल्या तरुण-तरुणींना चार गोष्टी लगेच करता येतील. शिबिरात बारीक माणसालाही तपासा. सरकारी तपासणी ३० वर्षांपासून असते, आपण घरात मधुमेह असलेल्या विशीतल्या मुलांनाही बोलवा. वजनासोबत कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर सावध करा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर यंत्रावर न थांबता प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या. आणि वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या ताटात काय आहे आणि ती अजून कुठवर हंडा वाहते आहे, हे विचारा.

पुढच्या जयंतीला कोणी "मला कशी?" असे विचारले, तर त्याला सांगा की यात त्याची चूक नाही, त्याच्या आईचीही नाही. आणि गोळीचे पाकीट त्याच्या हातात द्या.

जय भीम.