चादर उलटून तर पाहा!

दोस्तांनो, घरात सोलापुरी चादर आहे का? आईला विचारा आणि जमिनीवर पसरा. आता तिचा एक कोपरा उलटा करा. वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर! काठाशी नाव विणलेलं असलं, तर मागून ते आरशातल्यासारखं उलटं दिसेल. छापलेल्या चादरीत ही गंमत नाही.

का होतं असं? अशा चादरीत दोन रंगांचे दोन थर एकमेकांत गुंतवून विणतात. नक्षी बदलली की थरांची अदलाबदल होते. वरचा खाली, खालचा वर! म्हणूनच ती जाडजूडही असते.

पण ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी आत्ता कोणते उचलायचे, हे मागाला सांगतं कोण? सांगतो पुठ्ठा! हो, भोकं पाडलेला साधा पुठ्ठा. जिथे भोक, तिथे सुई आत शिरते आणि तो धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथे सुई अडते, धागा खालीच राहतो. मधून बाण्याचा धागा घेऊन धोटा पळतो. मग पुढचा पुठ्ठा. असे पुठ्ठे माळेसारखे ओवून मागावर टांगतात. फ्रान्समधल्या लियॉं शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 साली ही युक्ती पक्की केली. पुढे त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24 हजार पुठ्ठे लागले! ते चित्र चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाकडे होतं. आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला त्याने हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. म्हणजे तुमच्या चादरीचं आणि कॉम्प्युटरचं लांबचं नातं आहे बरं का!

सोलापुरात हे काम मुख्यतः पद्मशाली विणकरांनी वाढवलं. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. आजही पूर्व भागात फिरा: घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडीही कानावर पडते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा तर सारा पूर्व भाग रस्त्यावर उतरतो. 1874 साली इथे कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. माग मात्र गल्लीबोळांत खडखडत राहिले, आधी हातमाग, मग विजेवर चालणारे यंत्रमाग.

चादरीला नाव मिळालं, आणि नावाबरोबर नक्कलही आली. दुसरीकडे विणलेल्या स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. रंग लवकर उडाला, की बोल मात्र सोलापूरला! म्हणून सोलापुरी चादरीला भौगोलिक उपदर्शन, म्हणजेच ‘जीआय’, मिळालं. हा मान मिळवणारं ते महाराष्ट्रातलं पहिलं उत्पादन. आता हे नाव कुणीही लावू शकत नाही, निदान कायद्याने. बाजारातलं गिऱ्हाईक मात्र अजूनही फसतं, हे खरं.

दुसरी काळजी मोठी आहे. हातमागावर बसणारे हात थोडे उरलेत. दिवसभर पावडी दाबायची, धोटा फेकायचा, आणि मजुरी बेताची. विणकराच्या मुलाने शिकून दुसरी नोकरी धरली, तर त्याला नावं ठेवायची का? मला नाही वाटत. पण काही विणकरांनी वेगळीच वाट काढली. ते हातमागावर भिंतीवर लावायची चित्रं विणतात. माणसांचे चेहरेसुद्धा! हे काम यंत्रमागाला तितकं सोपं नाही आणि पैसेही त्यातल्या त्यात बरे मिळतात.

आता तुमची पाळी. चौकटींच्या वहीचं एक पान घ्या. पेन्सिलीने मोर काढा, आणि मोराच्या अंगात आलेला प्रत्येक चौकोन काळा करा. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा, प्रत्येक काळा चौकोन म्हणजे एक भोक. तुमच्या मोराला किती पुठ्ठे लागले, मोजा बघू!