पाणी किती प्यावे?

‘रोज आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने दिवसाला सुमारे अडीच लिटर पाण्याची शिफारस केली. त्यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, हे पुढचे वाक्य मात्र लोक विसरले. वरण, ताक, भाज्या, फळे यांतूनही पाणी पोटात जातेच.

पाण्याची गरज ऋतूप्रमाणे व कामाप्रमाणे बदलते. मे महिन्यात शेतात राबणाऱ्याने तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. मधूनमधून मीठ घातलेले ताक किंवा लिंबूसरबत घ्यावे.

सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असल्यास पाणी पुरेसे. लघवी गडद व थोडी होत असल्यास पाणी कमी पडते आहे.

बाहेर सोय नसते म्हणून अनेक भगिनी दिवसभर पाणी टाळतात. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा असे त्रास उद्भवतात. वृद्धांना तहान कमी जाणवते. त्यांना आठवणीने पाणी द्यावे.

हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे व मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.