पॅडच्या चळती

१९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत यानावरच्या टेबलांवर ‘पॅड’ नावाच्या सपाट उपकरणांची चळत दिसते. एका पॅडवर एक अहवाल, दुसऱ्यावर दुसरा. आणि अहवाल कप्तानाला द्यायचा तर कुणीतरी पॅड घेऊन त्याच्या दालनात जायचं. यान प्रकाशाहून वेगवान, फाइल मात्र पायी! विज्ञानकथांनी टॅबलेट आणि मोबाइल आधीच पाहिले होते असं आपण सर्रास म्हणतो. आकार पाहिला, हे कबूल. पण एकच यंत्र सगळी कामं करील, हे बहुतेक लेखकांच्या लक्षात आलं नाही. १९६६ च्या मूळ मालिकेतही बोलायला कम्युनिकेटर आणि तपासणीला खांद्याला अडकवलेला ट्रायकॉर्डर, अशी विभागणी आहे. खरं तर सूचना बदलल्या की एकच यंत्र कुठलीही आकडेमोड करू शकतं, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच गणिताने दाखवलं होतं. कथाकार मात्र हत्यारांच्याच हिशेबाने विचार करत राहिले: जितकी कामं, तितकी अवजारं.

यावर आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१’ कादंबरीतल्या (१९६८) न्यूजपॅडचा दाखला दिला जाईल. आकडा दाबला की टपाल तिकिटाएवढी बातमी पडदाभर पसरते. पृथ्वीवरची वर्तमानपत्रं यानात वाचता येतात. कल्पना अचूकच, पण ते वाचनाचं यंत्र आहे. याच नावाच्या चित्रपटात फ्लॉइड या पात्राला मुलीशी बोलायला व्हिडिओफोनच्या बूथमध्येच जावं लागतं. लॅरी निवेन आणि जेरी पूर्नेल यांच्या १९७४ च्या कादंबरीतला खिशातला संगणक बराच पुढचा आहे, हेही मान्य. मात्र तोवर संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी डायनाबुक या सोबत नेण्याजोग्या संगणकाची कल्पना मांडून दोन वर्षं झाली होती आणि एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर दुकानात आला होता. इथे कथा प्रयोगशाळेच्या मागून चालली होती.

मग कथांनी संशोधकांना निदान उद्दिष्ट तरी दिलं, असं म्हणता येईल. ट्रायकॉर्डरने ते दिलंच. २०१२ मध्ये त्याच्या नावाने, आजार ओळखणाऱ्या यंत्रासाठी, १ कोटी डॉलरची एक्सप्राइझ स्पर्धा सुरू झाली. २०१७ च्या अंतिम फेरीत एकाही संघाला सगळे निकष पार करता आले नाहीत, म्हणून रकमेचा काही भागच वाटला गेला. कारण गणना आणि मापन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ट्रान्झिस्टर लहान करता येतो, म्हणून गणना खिशात मावते. पण रक्तातली साखर किंवा पांढऱ्या पेशी मोजायच्या तर रक्तापर्यंत पोहोचावं लागतं किंवा शरीराबाहेरून मिळणारा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढावा लागतो. ही अडचण निव्वळ चिप लहान करून सुटत नाही.