पडद्याची खिडकी

जळगांवाहून भुसावळास आगगाडीनें जातांना खिडकीशीं डोळे नेले असतां केळीच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात. मागें सरून बसल्यास त्यांची एक पट्टीच उरते. ज्या व्हिडिओ-खेळांत आपण पात्राच्याच डोळ्यांनीं पाहतों, त्यांतील पडदा ही अशीच खिडकी होय. ५० सेंटिमीटर रुंदीचा पडदा तितक्याच अंतरावरून पाहिल्यास डोळ्याशीं सुमारें ५३ अंशांचा कोन होतो. खेळांत मात्र पुष्कळदां ९० अंशांचें दृश्य त्यांत कोंबलेलें असतें; म्हणून मधला शत्रु जेवढा दिसावा त्याच्या निम्मा दिसतो, कडेच्या भिंती ताणल्या जातात. उलट, कोन फार अरुंद ठेवल्यास झापडें लावलेल्या घोड्याची गत! या दोन कोनांत फार अंतर पडलें तर कित्येकांस मळमळतें. तेव्हां मुलास सोंगाडा म्हणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं हा कोन बदलून पाहावा, असें आम्ही सुचवितों. बैठक वा पडदा बदलल्यास हिशेब पुन्हां मांडावा लागेल.