शिक्षा लागल्यानंतर डीएनएचा पुरावा कसा मागावा?

घरातला माणूस नाशिकरोडच्या कारागृहात शिक्षा भोगतो आहे आणि तो निर्दोष असल्याची आपली खात्री आहे, तर त्र्यंबकेश्वरहून आधी नाशिकचे जिल्हा न्यायालय गाठावे. निकालपत्र, पंचनामे, साक्षी आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांच्या नकलांसाठी अर्ज करावा.

अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. का, ते एका प्रकरणातून दिसते. 2003 साली नाशिक जिल्ह्यात पाच जणांच्या हत्येचा गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2006 मध्ये फाशी सुनावली गेली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. बोटांचे ठसे किंवा डीएनए, कशानेही त्यांचा गुन्ह्याशी संबंध जुळत नव्हता. शिवाय प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते. पुनर्विचारानंतर 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षे गेली होती. सुटकेला आधार ठरलेले कागद आधीपासूनच पोलिसांकडे होते, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

मग प्रश्न येतो मुद्देमालाचा, म्हणजे जप्त केलेले कपडे, हत्यार, रक्ताचे नमुने यांचा. डीएनए ही पेशीतली आनुवंशिक ओळख. एकसारखी जुळी भावंडे सोडली तर ती प्रत्येकाची वेगळी. पण वस्तूच उरली नाही तर तपासणार काय? अपिलाची मुदत संपली की मुद्देमालाची विल्हेवाट लागू शकते. म्हणून तो जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यावा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नमुन्याच्या प्रवासात. सील कोणी लावले, नमुना मालखान्यात, म्हणजे पोलिसांच्या जप्त वस्तूंच्या कोठारात, किती दिवस पडून राहिला, प्रयोगशाळेत कोणी नेला, हे तारखेनिशी जुळवावे. दिल्लीच्या छावला बलात्कार-हत्या प्रकरणात नमुने मालखान्यात पडून होते. 2022 मध्ये आरोपी सुटण्यामागे तेही एक कारण होते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचा आणि त्यांच्या हाताळणीची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला.

अपील चालू असेल तर वकिलामार्फत जादा पुराव्याचा अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 432 त्यासाठीच आहे. अपिले संपली असतील तर वाट अरुंद होते. अमेरिकेत शिक्षेनंतरच्या डीएनए तपासणीसाठी राज्यांचे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे पुनर्विचार याचिका किंवा उच्च न्यायालयात रिट, हेच मुख्य मार्ग उरतात.

एक सावधगिरी: नमुना जुळला नाही म्हणजे सुटका ठरलेली, असे नव्हे. नमुना ज्या डागाचा आहे तो डाग गुन्हेगाराचाच असणार, हे आधी दाखवावे लागते.

वकिलाची फी परवडत नसेल तर अडून राहू नये. कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा 15100 वर फोन करावा, आणि मुद्देमालाचा अर्ज त्याच दिवशी लिहून घ्यावा.